सहाच्या आधी आवाज नाही

दिवाळी पहाट उघड्यावर करायची म्हटली की पहिला प्रश्न घड्याळाचा येतो. कलाकार, देणगी, मांडव हे सगळं त्यानंतर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागेत लाउडस्पीकर लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, चाळीच्या चौकाला नाही. वाद्यंही त्याच नियमात येतात. आमचा कार्यक्रम नरक चतुर्दशीला, गिरगावातल्या आमच्या चाळीच्या चौकात, बरोबर सहाला. म्हणजे निवेदकांचा पहिला शब्द हाच त्या सकाळी स्पीकरमधून निघणारा पहिला आवाज. त्याआधी "हॅलो, चेक, चेक" म्हणून बघायची सोय नाही.

इतकी वर्षं मी या कार्यक्रमात पेटीवर असायचे आणि आवाजाचं सगळं लालबागचे आमचे साउंडवाले काका बघायचे. यंदा त्यांनीच विषय काढला. "तुझा कान सुरात तयार आहे. या वेळी मिक्सरवर तू बस, मी शेजारी आहे." मिक्सर म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणारं यंत्र. पेटीवर माझी गुरुभगिनी बसली आणि मी काकांच्या हाताखाली हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी मिक्सरच्या त्या बाजूला बसावं असं मला आता मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आदल्या दिवशी दुपारी टेम्पो आला. काकांनी खोक्यांना हात लावायच्या आधी माझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाले, "इनपुट लिस्ट कर." स्टेजवर कोण कुठे बसणार आणि कोणाचा आवाज मिक्सरच्या कितव्या चॅनलवर, म्हणजे कितव्या वाटेने, येणार, याची ही यादी. गायिका ताई, गायक दादा, कोरसचे दोन, तबल्याचे दोन माइक, पखवाजाचे दोन, पेटी, बासरी, कीबोर्डचे डावा-उजवा असे दोन, टाळ, निवेदन. चौदा झाले. वर रेकॉर्डिंगसाठी चौकाचा आवाज घेणारे दोन, असे सोळा. प्रत्येक चॅनलखाली कागदी पट्टी लावून मी नावं लिहिली. ही पट्टी किती महत्त्वाची आहे ते ऐन कार्यक्रमात कळतं. अंधुक उजेडात, टाळ्या सुरू असताना, निवेदकाचा माइक शोधत बसायला वेळ नसतो.

मग वायरी. स्टेजच्या कडेला एक डबा ठेवतात, स्टेज बॉक्स. सगळे माइक त्यात लागतात आणि तिथून पुढे मिक्सरपर्यंत एकच जाड वायर जाते. माइकच्या वायरीच्या टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर असतो. पहिली पिन शील्डची, म्हणजे बाहेरच्या जाळीची. दुसरीवर सिग्नल आणि तिसरीवर तोच सिग्नल उलटा. वाटेत विजेच्या वायरीची घरघर शिरलीच तर ती दोन्ही तारांवर सारखीच शिरते. मिक्सर दोन्ही तारांमधला फरक तेवढा घेतो, त्यामुळे उलट-सुलट असलेला आपला आवाज टिकतो आणि सारखी असलेली घरघर वजा होते. याला बॅलन्स्ड लाइन म्हणतात. चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक-दोन मिलिव्होल्टचा नाजूक सिग्नल, दिव्यांच्या माळांच्या शेजारून, स्वच्छ पोचतो तो याच युक्तीने.

कीबोर्डची वायर मात्र अशी नसते. तिच्या जॅकला दोनच जोड, म्हणजे ती अनबॅलन्स्ड, आणि ती लांब नेली की घरघरते. म्हणून कीबोर्डजवळ डीआय बॉक्स ठेवतात. छोटी डबी असते, एका बाजूने साधा जॅक घेते आणि दुसरीकडून बॅलन्स्ड करून देते. आम्ही कीबोर्ड लावला तरी खालच्या पट्टीत एक "हूंऽऽ" येत राहिलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची, त्यामुळे ही घरघर ५० आणि तिच्या पटीत, १००, १५० अशी ऐकू येते. काकांनी डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं आणि ती गेली. कीबोर्ड एका प्लगवरून आणि मिक्सर दुसऱ्या प्लगवरून अर्थला जोडलेले होते. दोन वाटांनी अर्थ मिळाला की वायरीच्या जाळीतून प्रवाह फिरत राहतो आणि तोच ऐकू येतो. बटणाने त्यातली सिग्नलच्या वायरीची वाट तोडली. काही मुलं अशा वेळी थेट विजेच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. काकांनी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला बजावलं की हे कधीही करायचं नाही. ती पिन जीव वाचवायला असते, आणि गायकाचे ओठ माइकच्या लोखंडी जाळीला लागलेले असतात. नंतर त्यांनी साउंडची लाइन कंदील आणि माळांच्या लाइनपासून वेगळीच घेतली.

माइक निवडताना मला वाटलं होतं काका चांगले आणि साधे असे वेगळे करतील. त्यांनी काम बघून वेगळे केले. ताई, दादा, कोरस आणि निवेदक यांना डायनॅमिक माइक. शुअरचा एसएम ५८ हा १९६६पासून बाजारात असलेला माइक आजही प्रत्येक साउंडवाल्याकडे असतो. पडला-आपटला तरी चालतो आणि त्याला बाहेरून वीज लागत नाही. बासरी, पेटी आणि चौकाच्या आवाजासाठी कंडेन्सर. हे बारीक सूर फार छान पकडतात, पण त्यांना वीज लागते. ती मिक्सरकडून त्याच माइकच्या वायरीतून ४८ व्होल्टने जाते, तिला फँटम पॉवर म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनवर सारखाच दाब असल्याने चांगल्या वायरीवरच्या डायनॅमिक माइकला तिचा त्रास होत नाही. फक्त ती चालू-बंद करताना चॅनल म्यूट हवा. नाहीतर स्पीकरमध्ये असा धप्पकन आवाज होतो की स्पीकरचा पडदा जायचा.

संध्याकाळी सगळे जमले आणि खरं काम सुरू झालं. काकांनी सांगितलं, "फेडर सगळे खाली. आधी गेन."

गेन म्हणजे माइककडून आलेला मिलिव्होल्टमधला सिग्नल मिक्सरला काम करता येईल एवढा मोठा करणारा पहिला खटका. पन्नास डीबी (डेसिबल, सिग्नल किती पट झाला ते मोजायचं एकक) गेन दिला तर व्होल्टेज ३१६ पट होतं. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची वर-खाली सरकणारी कळ, त्याच्या खूप पुढे येतो. गेन म्हणजे गच्चीवरची टाकी किती भरली, फेडर म्हणजे खाली नळ किती सोडला. टाकीच रिकामी असेल तर नळ पूर्ण सोडूनही हवाच येते, म्हणजे फेडर वर नेला की आवाजाबरोबर मिक्सरची सुरसुरही वर येते. टाकी भरून वाहिली तर ते क्लिपिंग. डिजिटल मिक्सरमध्ये शून्य डीबी ही छत असते, तिच्यावर काहीच नसतं. तिथे पोचलेला आवाज वरून सपाट कापला जातो आणि कर्कश फाटतो. एकदा कापला गेला की पुढच्या कोणत्याही बटणाने तो सांधता येत नाही.

म्हणून आम्ही सरासरी आवाज उणे १८ डीबीच्या आसपास आणि जोराची तान उणे १० डीबीच्या आत ठेवली. ही मधली मोकळी जागा म्हणजे हेडरूम. ताईंनी अभंगाची पहिली ओळ म्हटली, मीटर छान जागेवर बसला. काका म्हणाले, "अजून थोडा खाली घे. आता त्या तुला दाखवायला गातायत. उद्या विठ्ठलासाठी गातील." मी सहा डीबी खाली घेतला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या गजराला त्या सहा डीबींमधले बहुतेक सगळे खर्ची पडले.

तबलजींना मी तुकडे मागितले, ठेका नाही. ठेक्यावर गेन लावला तर तिहाईला मीटर लाल होतो. पखवाजावर एक वेगळीच गोष्ट शिकले. दोन तोंडांना दोन माइक, आणि एका पुडीवर थाप पडली की आतली हवा दुसरी पुडी बाहेर ढकलते. एका माइककडे पडदा जवळ येतो तेव्हा दुसऱ्यापासून लांब जातो किंवा उलट, आणि दोन्ही आवाज मिसळताना खालचा घुमारा एकमेकांत विरतो. मिक्सरवर पोलॅरिटीचं बटण असतं, शून्यावर तिरकी रेघ. काकांनी डाव्या बाजूचं ते दाबलं आणि म्हणाले, "ऐक." पखवाजाला पोट आलं. बटण सोडलं की पुन्हा पोकळ. कोणतं बरोबर ते कानानेच ठरवायचं, मीटरवर ते दिसत नाही.

पुढे हाय-पास फिल्टर. एका ठरलेल्या पट्टीच्या खालचं सगळं कापायचं: पायांची धप्प, वारा, स्टेजच्या फळ्यांचा दणका. किती खाली कापायचं हे मला माझ्या पेटीने सांगितलं. ताई काळी चारला गातात, म्हणजे त्यांचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास. मंद्र पंचमापर्यंत उतरल्या तरी १५६. म्हणजे १०० हर्ट्झला कापलं तर त्यांच्या गळ्यातला एकही सूर जात नाही. दादा काळी एकचे, षड्ज सुमारे १३९, मंद्र पंचम १०४. त्यांच्यासाठी मी ८० ठेवला. डग्ग्यावर हे बटण मी लावलंच नाही, त्याचं सगळं देखणेपण खालीच आहे. मिक्सरवरचे हर्ट्झचे आकडे मला आधी परके वाटायचे. पट्टी कळली की ते आकडे म्हणजे आपलेच सूर असतात.

आता मॉनिटर. श्रोत्यांकडे तोंड केलेले ते मेन स्पीकर आणि कलाकारांकडे तोंड करून जमिनीवर तिरके ठेवलेले ते मॉनिटर. प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र मिश्रण जातं, त्याचा रस्ता म्हणजे ऑक्झिलरी सेंड. तो प्री-फेडर ठेवायचा, म्हणजे मी श्रोत्यांसाठी फेडर हलवला तरी ताईंना कानाशी ऐकू येणारं बदलत नाही. रिव्हर्बचा, म्हणजे मिक्सरने घातलेल्या घुमाराचा, सेंड मात्र पोस्ट-फेडर, कारण आवाज खाली केला तर त्याचा घुमारही खाली जायला हवा. हा फरक कलाकारांनी समजून घ्यावा असं मला फार वाटतं. मधेच "मॉनिटर कमी झाला" अशी खूण केली जाते, तेव्हा बऱ्याचदा मॉनिटर तेवढाच असतो, शेजारचा पखवाज वाढलेला असतो.

मॉनिटर माइकच्या इतका जवळ, म्हणून शिट्टीचं खरं मूळ तिथे. माइकमधला आवाज मॉनिटरमधून निघतो, परत माइकमध्ये शिरतो, पुन्हा निघतो. एखाद्या सुरावर परत आलेला आवाज गेलेल्याइतका किंवा त्याहून मोठा झाला की तो सूर स्वतःचाच गळा धरतो. हा फीडबॅक. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, माइक मागच्या बाजूने सगळ्यात बहिरा असतो, म्हणून मॉनिटर बरोबर माइकच्या शेपटीच्या दिशेने ठेवायचा. आमची बैठक जमिनीवरची, माइक बुटक्या स्टँडवर, शेपूट समोर आणि खाली. मॉनिटर तिथेच बसले. कोरसमधल्या एका मुलाला माइकची जाळी मुठीत धरायची सवय होती. काकांनी त्याचा हात खाली दांड्यावर सरकवला. जाळी झाकली की माइकचं ते बहिरेपण जातं आणि तो चहूकडून ऐकायला लागतो.

एवढं करून मग मुद्दाम शिट्टी काढायची. ताईंचा माइक उघडा, मॉनिटर हळूहळू वर. कुठेतरी एक बारीक सूर "ऊंऽऽ" करत उगवतो. तो किती हर्ट्झचा हे ओळखायचं आणि ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरमध्ये तेवढीच पट्टी थोडी खाली करायची. काका तीस वर्षांच्या सवयीने कानाने आकडा सांगतात. मी गुरुभगिनीला म्हटलं, पेटीवर हा सूर धर. तिने पांढरी सात धरली आणि म्हणाली, "हाच, पण दोन सप्तकं वर." मधल्या सप्तकातली पांढरी सात ४९४ हर्ट्झची. एक सप्तक चढलं की दुप्पट, ९८८. अजून एक, १९७६. मी दोन हजारची पट्टी तीन डीबी खाली घेतली आणि शिट्टी विरली. काकांनी काही न बोलता माझ्याकडे बघितलं आणि पुढचा माइक उघडला. आठवड्यातून दोनदा रियाजाला बसणाऱ्या कोणालाही हे जमेल, आणि दहा वर्षं पेटी वाजवल्याचा असा उपयोग होईल हे मला आधी कधी वाटलं नव्हतं.

पट्ट्या मात्र जास्त ओढायच्या नाहीत. तीन-चार सूर गेले की पुरे. त्यापुढे प्रत्येक पट्टी खाली ओढताना आपण ताईंच्या आवाजातलाच तुकडा काढत असतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे उघडे माइक कमी ठेवणं. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपर्यंतची जागा सुमारे तीन डीबींनी घटते. म्हणून निवेदकाचं बोलणं संपलं की त्यांचा माइक लगेच म्यूट, कोरस थांबला की त्यांचे खाली.

दहाला दहा कमी असताना सगळं मिश्रण मिक्सरमध्ये सीन म्हणून साठवलं, मेन बंद केले, स्पीकरवर प्लास्टिक टाकलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे गिरगावात दव कमी असतं, पण हवा ओलसर असते आणि जोडांना ती मानवत नाही.

पहाटे साडेचारला चौकात आलो तेव्हा घरोघर उटण्याची गडबड सुरू होती. मेन आणि मॉनिटर दोन्ही म्यूट. मी हेडफोन लावला आणि एकेका चॅनलचं पीएफएल दाबलं. पीएफएल म्हणजे फेडरच्या आधीचा आवाज फक्त माझ्या कानात. बाहेर काही ऐकू जात नाही, पण मला प्रत्येक माइकच्या तोंडाशी जाऊन बसता येतं. बासरीच्या कंडेन्सरमध्ये पाण्याची बादली भरताना ऐकू आली, दुसऱ्या मजल्यावरचा स्टोव्ह, एक कबुतर. हा माइकने खरोखर ऐकलेला गलका. त्याखाली अगदी मंद, न बदलणारी सुरसुर होती ती मिक्सरची स्वतःची. तिला नॉइज फ्लोअर म्हणतात. गलका सुरसुरीच्या बराच वर आहे म्हणजे गेन योग्य जागी आहे, असं काकांनी सांगितलं. रात्री मीटरवर बघितलेलं मला आता कानाने पटत होतं. स्पीकर चालू असताना हे कधीच इतकं वेगळं ऐकू येत नाही, कारण सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं. त्या तासाभरात मला आवाज स्पीकरपाशी घडत नाही, तो माइकच्या तोंडाशी आणि गेनच्या खटक्यापाशी घडतो, हे कायमचं कळलं.

लाइन चेक म्हणजे प्रत्येक माइकपाशी जाऊन काकांच्या मुलाने हलक्या आवाजात त्याचं नाव सांगायचं आणि मी हेडफोनमध्ये पट्टीवरच्या नावाशी ताडून बघायचं. "तबला दाया." "डग्गा." "पखवाज उजवा." "पखवाज डावा" आला तो पत्र्यातून आल्यासारखा, पातळ आणि अशक्त. रात्री हाच चॅनल भरदार होता. काकांनी वायर बदलली, आवाज परत आला. जुनी वायर खोलून त्यांनी मला दाखवली: तिसऱ्या पिनचा डाग सुटून तार मोकळी लोंबत होती. पहाटे हे सापडलं नसतं तर सहाला सगळ्या चौकासमोर सापडलं असतं. त्यानंतर तळमजल्याच्या एका खोलीत दार लावून तबलजींनी तबला आणि पखवाजवाल्यांनी पखवाज सुरात लावून घेतले, कारण रात्रीपासून कातडी उतरली होती.

सहाला घंटा झाली, मेन उघडले आणि निवेदकांचं "शुभ दीपावली" चौकात गेलं. पहिल्या अभंगात मी फक्त फेडर हलवले, गेनला बोट लावलं नाही. त्याचं कारण साधं आहे: मॉनिटर, मेन आणि रेकॉर्डिंग हे तिन्ही गेनच्या पुढून निघतात. तो मधेच हलवला तर तिन्हीकडे एकदम उडी जाते, ताई दचकतात आणि शिट्टीही येऊ शकते.

आवाज किती ठेवायचा याचंही गणित नियमात आहे. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डीबीए, आणि लाउडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा फार तर १० वर, म्हणजे ६५. डीबीएमधला "ए" म्हणजे आपल्या कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर मोजमापात कमी धरणं. दहा डीबी वाढ आपल्याला साधारण दुप्पट मोठी वाटते, पण तिच्यासाठी शक्ती दहापट लागते. काकांचा मुलगा मीटर घेऊन फाटकापाशी उभा होता. एवढ्या मर्यादेत सगळ्यांना शब्द कळायचे तर दोन मोठ्या स्पीकरनी जोर लावून उपयोग नाही, मागच्यांसाठी छोटे स्पीकर मागेच ठेवायला हवेत. आम्ही वीस मीटरवर दोन ठेवले होते. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो, वीस मीटरला ५८ मिलिसेकंद लागतात. वायरीतून तो लगेच पोचतो. म्हणून मागच्या स्पीकरना तेवढा उशीर, म्हणजे डिले, द्यायचा. वर अजून दहा मिलिसेकंद दिले की कानाला पहिला आवाज स्टेजकडूनच येतो आणि ताई समोरूनच गातायत असं वाटतं, शेजारच्या डब्यातून नाही. मी मागे जाऊन डोळे मिटून उभी राहिले, खरंच तसं वाटतं.

दुसऱ्या गाण्याला दादांनी खूण केली, एको वाढवा. त्यांना हवा होता रिव्हर्ब, म्हणजे सभागृहात मिळतो तसा विरत जाणारा घुमार. एको म्हणजे वेगळी ऐकू येणारी प्रतिमा, आणि ती आमच्या चौकातच आहे. स्टेजपासून समोरची चाळ तीस मीटरवर. आवाज जाऊन परत यायला सुमारे पावणेदोनशे मिलिसेकंद लागतात आणि स्टेजवर बसलेल्याला तो स्पष्ट वेगळा ऐकू येतो. त्यात अजून घुमार टाकला तर अभंगाचे शब्द धुऊन निघतील. मी तो फक्त दादांच्या मॉनिटरमध्ये थोडा दिला, मेनमध्ये जवळपास नाहीच. दादा खूश झाले, श्रोत्यांना शब्द कळत राहिले.

कंप्रेसर फक्त निवेदकांवर लावला. ठरावीक उंबरठ्याच्या वर गेलेला आवाज तो ठरावीक प्रमाणात दाबतो. तीनास एक म्हणजे वर तीन डीबी गेले की बाहेर एकच जातो. निवेदक कधी कुजबुजतात, कधी गर्जतात, तिथे तो हवाच. ताईंवर मी तो लावू दिला नाही. आवाज कुठे लहान करायचा आणि कुठे मोठा, हे शिकण्यात त्यांनी आयुष्य घालवलंय. शिवाय दाबलेला आवाज नंतर मेकअप गेनने उचलावा लागतो, आणि जितका उचलू तितकी शिट्टी जवळ येते. काकांनी मान डोलावली, "बरोबर."

रेकॉर्डिंग मागे आपोआप चालू होतं. सोळाही चॅनल वेगळे, फेडरच्या आधीचे, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर. सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना तीन बाइटचा. सोळा चॅनलचे दोन तास म्हणजे जवळपास १७ जीबी. कार्यक्रम संपल्याबरोबर, वायरी गुंडाळायच्या आधी, मी ते दोन वेगळ्या डिस्कवर उतरवले आणि प्रत्येक फाइलला पट्टीवरचंच नाव दिलं. चौकाचे दोन माइक या रेकॉर्डिंगचा जीव आहेत. त्यांच्याशिवाय सगळं कोरडं, कपाटात गायल्यासारखं वाटतं. ते मिसळले की गजराला लोकांनी धरलेला ताल आणि गॅलरीतल्या बांगड्यासुद्धा येतात.

फराळाच्या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "सगळे शब्द कळले गं, पण बासरी कुठे होती?" त्यांचं बरोबर आहे. मागच्या स्पीकरचं तोंड खालच्या खुर्च्यांकडे होतं. खालचे सूर चहूकडे पसरतात, पण बासरीचे वरचे सूर टॉर्चसारखे सरळ जातात, गॅलरीपर्यंत वळत नाहीत. काकांनी तिथेच मोजमाप घेतलं. पुढच्या वर्षी मागचे दोन्ही स्पीकर उंच स्टँडवर, किंचित वर झुकवून, आणि त्यांचा डिले नव्याने मोजून.